ग्राफाना : रात्री दोनला काय होत होतं ते शेवटी दिसलं

आमच्याकडे एकाच सर्व्हरवर १४ डॉकर कंटेनर (प्रत्येक प्रोग्रॅमला आपापला बंदिस्त डबा) चालतात. त्यातला रिपोर्ट बनवणारा कंटेनर आठवड्यातून दोनदा तरी रात्री मान टाकायचा. सकाळी बघावं तर लॉगची शेवटची ओळ अर्धवट आणि एक्झिट कोड १३७. मेमरी संपून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) मारला, हा अंदाज होता. पण मेमरी कधीपासून चढत होती? ‘डॉकर स्टॅट्स’ ही कमांड फक्त आत्ताचं दाखवते, रात्रीचं नाही.

म्हणून ग्राफाना बसवलं. गूगलचा सीअ‍ॅडव्हायझर प्रत्येक कंटेनरचे आकडे देतो, प्रोमिथियस ते दर १५ सेकंदांनी गोळा करतो आणि ग्राफाना आलेख काढतं. तिन्ही फुकट, तिन्ही कंटेनर म्हणूनच चालतात. एका दुपारचं काम.

तयार डॅशबोर्ड (आलेखांचा पडदा) आयात केला आणि तिथेच फसले. मेमरीचं पॅनल कायम लाल. दोन दिवस मी नुसती कंटेनरची मेमरी लिमिट वाढवत होते. मग पॅनलची क्वेरी (कोणता आकडा काढायचा ते सांगणारी ओळ) उघडून पाहिली, तर त्या ‘यूसेज’च्या आकड्यात फाइल कॅशही (वाचलेल्या फाइलींची मेमरीत ठेवलेली प्रत) धरलेली. ती कर्नल गरजेला सोडून देतो. बराच काळ न वापरलेली फाइल कॅश वजा केलेला ‘वर्किंग सेट’चा आकडा घातला, आणि चित्रच पालटलं. रात्री २ वाजून १० मिनिटांनी रेष उठते, ५१२ एमबीला टेकते आणि तुटते. त्या वेळचा जॉब अख्ख्या महिन्याच्या नोंदी एकदम मेमरीत ओढत होता. हजार-हजारच्या तुकड्यांत वाचायला लावल्यावर रेष ३०० च्या वर गेलेली नाही.

तयार डॅशबोर्ड जरूर घ्या, पण प्रत्येक पॅनलची क्वेरी वाचल्याशिवाय त्यावर निर्णय घेऊ नका.

प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. महिनाअखेरीची तुलना हवी म्हणून मी ६० दिवस केले. प्रोमिथियस आणि सीअ‍ॅडव्हायझरला आपणहून लॉगिन नसतं, त्यांचे पोर्ट बाहेर उघडे ठेवू नका. आणि शक्य असेल तर हे सगळं वेगळ्या मशीनवर बसवा, नाहीतर सर्व्हर पडला की आलेखही त्याच्याबरोबर जातात.

दोन-तीन कंटेनर असतील तर एवढा पसारा नको. दहाच्या वर गेलात तर आजच बसवा. मी ‘वर्किंग सेट’ पाच मिनिटं लिमिटच्या ८० टक्क्यांवर राहिला की टेलिग्रामवर मेसेज येईल असा अलर्ट लावलाय. परवा बिलिंगच्या कंटेनरचा आला, संध्याकाळी साडेसहाला. घरी निघायच्या आत दुरुस्त करून टाकलं.