अकरावीला पीसीबी घ्यायचं की पीसीएमबी? नीट द्यायचीय त्या पोरापोरींसाठी

दहावीचा निकाल लागला की नागपुरात घरोघरी हाच वाद सुरू होतो, डॉक्टर व्हायचं नक्की आहे तर मग मॅथ्स ठेवायचं (पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) की सोडायचं (पीसीबी, म्हणजे मॅथ्स वगळून बाकीचे तीन). मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, दोन्हीकडची पोरं रोज समोर असतात, त्यामुळे मला जे दिसतं ते सरळ सांगते.

आधी पेपर पाहा. नीट, म्हणजे मेडिकलच्या ॲडमिशनची देशभरातली परीक्षा, ७२० मार्कांची, त्यातले ३६० एकट्या बायोलॉजीचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे १८०-१८०. १८० प्रश्न, १८० मिनिटं, उत्तर चुकलं की एक मार्क कापला जातो. मॅथ्सचा पेपरच नाही. म्हणून पीसीबीवाल्यांचा फायदा उघड आहे, मॅथ्सचे क्लासेस, होमवर्क, बोर्डाचा ८० मार्कांचा पेपर हे सगळं डोक्यावरून उतरतं आणि मॅथ्सच्या जागी कॉलेजात जे असेल ते हलकं काहीतरी, कुठे जॉग्रफी कुठे सायकॉलॉजी, किंवा फिशरीसारखा बायफोकल, म्हणजे व्यवसायाशी जोडलेला विषय.

पीसीएमबीचं म्हणणं वेगळं. मॅथ्स असलं की जेईई (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा) देता येते, एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचे मॅथ्सवाला आणि बायोवाला असे दोन्ही ग्रुप देता येतात, आर्किटेक्चरही हातात राहतं. मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंग जवळपास संपलंच म्हणा. बी.फार्म मात्र दोन्हीकडून होतं, त्याच्यासाठी मॅथ्स ठेवायची गरज नाही.

आता ज्या मुद्द्यावर सगळे अडतात तो, "मॅथ्स नसलं तर फिजिक्स कसं जमेल?" हे अर्धंच खरं आहे. अकरावीच्या सुरुवातीलाच प्रश्न येतो, x = ३t² + २t (x म्हणजे वस्तूची जागा, t म्हणजे वेळ), तर दोन सेकंदाला वेग किती? डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, घ्यायचं, ६t + २, t च्या जागी २ टाकलं की १४. ज्याला हे येत नाही तो तिथेच थांबतो, खरंय. पण स्टेट बोर्डाच्या अकरावीच्या मॅथ्समध्ये डिफरन्शिएशन, म्हणजे हे डेरिव्हेटिव्ह काढणं, पुस्तकाच्या दुसऱ्या भागात शेवटी शेवटी येतं आणि फिजिक्सला ते पहिल्या काही महिन्यांतच लागतं, म्हणजे मॅथ्सवाल्या पोरालाही ते आधी फिजिक्समध्येच शिकावं लागतं! बालभारतीच्या अकरावीच्या फिजिक्समध्ये दुसरा धडाच मॅथेमॅटिकल मेथड्सचा आहे, व्हेक्टर आणि कॅल्क्युलसची तोंडओळख तिथे आहे. तो धडा जीव लावून केला, सोबत लॉग आणि ट्रिगचा सराव ठेवला तर पीसीबीच्या पोरीला नीटचं फिजिक्स अडत नाही, हे मी वर्गात पाहते. क्लासेसवाले हा धडा घाईत उरकतात, तो मात्र उरकू देऊ नका.

म्हणून माझं मत असं, ज्याचं डॉक्टरीचं पक्कं आहे आणि मॅथ्सचं पुस्तक पाहिलं की ज्याच्या पोटात गोळा येतो त्याने बिनधास्त पीसीबी घ्यावं. ज्याला दोन्ही आवडतं किंवा ज्याचं अजून ठरलंच नाही त्याने पीसीएमबी घ्यावं. फक्त "असू दे बॅकअप" म्हणून आईबाबांनी मॅथ्स लादू नये, ते पोरगं दोन्हीकडे अर्धंअर्धं राहतं, आणि त्याचा त्रास त्यालाच होतो. उलट्या बाजूने, म्हणजे अकरावीला बायोलॉजी न घेतलेल्यांसाठी, रस्ता आता थोडा मोकळा झालाय, २०२३ पासून बारावीनंतर बायोलॉजी ॲडिशनल विषय म्हणून देऊनही नीटला बसता येतं, पण तो लांबचा रस्ता आहे.

अजून एक, जे लोक विसरतात. नागपूरच्या दोन सरकारी कॉलेजांच्या, मेडिकल आणि मेयोच्या, ८५ टक्के सीटा राज्याच्या कोट्यातल्या, आणि त्यासाठी साधारणपणे दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते. पोराला अकरावीलाच क्लासेससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवून बारावी तिकडूनच करायचा विचार असेल तर आधी हा नियम नीट वाचा. मिहानमधल्या एम्सचं वेगळं, तिथल्या सीटा अख्ख्या देशासाठी.

आणि बोर्ड हलक्यात घेऊ नका. मेडिकलच्या ॲडमिशनसाठी बारावीला ओपनला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून ५० टक्के, रिझर्व्हला ४० टक्के लागतात, इंग्लिश पास हवंच. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचे ३० मार्क आहेत, म्हणून इंटिग्रेटेड (क्लासेस जोडलेलं) असो की साधं कॉलेज, ॲडमिशनच्या आधी लॅब उघडून दाखवायला सांगा आणि अकरावीला प्रॅक्टिकल आठवड्यातून किती वेळा होतात ते तिथल्याच पोरांना विचारा.