‘पॅनल गेलाय’ म्हणून टीव्ही उचलून नेणाऱ्यांपासून सावध राहा

टीव्हीचा आवाज नीट येतोय, चॅनल बदलतायत, पण पडदा मात्र काळाकुट्ट. तपासायला आलेल्या माणसानं पाच मिनिटांत ‘पॅनल गेलाय, आता नवीनच घ्या’ असं सांगितलं, तर त्याला टीव्ही घराबाहेर नेऊ देऊ नका. डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या आईबाबांचे असेच अठरा हजारांच्या वर पैसे गेले, आणि अडीच हजारांत बरा झाला असता असा टीव्हीही गेला. आमच्याच गल्लीतल्या एका आजींकडेही हीच माणसं येऊन गेल्याचं नंतर कळलं, म्हणून सगळं तपशिलानं लिहिते आहे.

टीव्ही २०१८ साली घेतलेला, ४३ इंची, नावाजलेल्या कंपनीचा. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी बातम्या चालू असतानाच चित्र गेलं, आवाज राहिला. बाबांनी मोबाइलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ एवढंच टाकून शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला त्याच्याशेजारी कंपनीचं चिन्ह होतं. फोन उचलणाऱ्या बाईनं कंपनीचं नाव घेऊनच नमस्कार केला, मॉडेल विचारलं, पिनकोड विचारला, तक्रार क्रमांकही दिला. कुणालाही खरंच वाटलं असतं. प्रत्यक्षात कंपनीचा आणि त्या नंबरचा काडीचाही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला मुलगा आला. आधी व्हिजिट चार्जचे ४९९ रुपये घेतले. टीव्हीचं मागचं झाकण त्यानं उघडलंच नाही. प्लग काढून परत लावला, बाजूची दोन-तीन बटणं दाबली आणि म्हणाला, “काका, पॅनल गेलाय. एकट्या पॅनलचे सोळा हजार होतील, आणि त्यावर गॅरंटी मिळणार नाही. आता जीएसटी उतरलाय, कंपनीची एक्सचेंज स्कीम चालू आहे. एकवीस हजारांचा फोर-के टीव्ही आहे, जुन्याचे तीन हजार वजा करतो. आठ हजार आत्ता द्या, उरलेले टीव्ही आल्यावर.”

जीएसटीची बात खरी होती. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आडून बाकीचं सगळं खपवलं गेलं. बाबांचा हिशेबही चोख होता. सात वर्षांच्या टीव्हीवर सोळा हजार घालण्यापेक्षा थोडे आणखी घालून नवा घेणं शहाणपणाचंच. फक्त ज्या आकड्यावर तो हिशेब उभा होता तो आकडा खोटा होता. दुरुस्त करायचा की बदलायचा, हा निर्णय बिघाडाच्या निदानावर ठरतो, आणि निदान करणाराच समोर नवा टीव्ही विकायला बसला होता. आठ हजार यूपीआयनं गेले आणि जुना टीव्ही त्या मुलानं आपल्या टेम्पोतून नेला.

दोन दिवसांनी ‘नवा’ टीव्ही आला, उरलेले दहा हजार गेले. मी पुण्याहून गेले तेव्हा आई म्हणाली, “अगं, चेहरे सगळे निळसर दिसतात.” रिमोटवर कंपनीचं नाव नव्हतं. मेनूमध्ये कुठेही कंपनीचं चिन्ह दिसत नव्हतं, फक्त पुढच्या चौकटीवर चिकटवलेलं होतं. मागच्या लेबलवरचा सीरियल नंबर मी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकला, तर असा नंबरच नाही असं उत्तर आलं. ओळखीच्या मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी झाकण उघडून दाखवलं: आत कुठल्याही टीव्हीला बसतो तसला युनिव्हर्सल बोर्ड, आणि पॅनलच्या मागच्या स्टिकरवर २०१६ ची तारीख. फोर-के तर तो नव्हताच.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. टीव्ही बिघडला त्या रात्री बाबांनी मला दाखवायला म्हणून अंधारातच, मोबाइलचा फ्लॅश चालू ठेवून पडद्याचा व्हिडिओ काढला होता. तो काकांनी बघितला आणि मध्येच थांबवला. फ्लॅशच्या उजेडाच्या गोलात बातम्या देणारी बाई आणि खालून सरकणारी पट्टी पुसट दिसत होती. काका म्हणाले, “पॅनल धडधाकट आहे. नुसता बॅकलाइट गेला होता. मी पट्ट्या बदलून दिल्या असत्या, अडीच हजारांत.”

हे काय असतं ते नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथेच होते. एलईडी म्हणून विकला जाणारा टीव्ही हा मुळात एलसीडी. त्याच्या पॅनलला स्वतःचा उजेड नसतो, तो फक्त चित्र घडवतो. उजेड येतो पॅनलमागे बसवलेल्या एलईडीच्या पट्ट्यांमधून. या पट्ट्यांवरचे दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात, माळेतल्या बल्बसारखे. त्यामुळे त्यातला एक जरी उडाला तरी बऱ्याच टीव्हींत सगळा उजेड बंद होतो. आवाज चालू राहतो, चित्रही तयार होत राहतं, पण अंधारात आपल्याला ते दिसत नाही. काही वर्षं रोज सहा-सात तास, पूर्ण ब्राइटनेसवर चाललेल्या टीव्हीत हा अगदी नेहमीचा बिघाड आहे, आणि पट्ट्या सुट्या मिळतात. आमचे काका त्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतात.

तपासणी घरीच करता येते. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवून रिमोटनं मेनू उघडा, आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरून हळूहळू फिरवा. मेनूची अक्षरं पुसट का होईना दिसली, तर पॅनल चित्र घडवतोय. बिघाड बॅकलाइटमध्ये किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या भागात आहे. काहीच दिसलं नाही, तरी पॅनलच गेला असं लगेच ठरत नाही. मेन बोर्ड किंवा पॅनलपर्यंत चित्राचे संकेत पोचवणारा टी-कॉन बोर्डही बिघडलेला असू शकतो. ओएलईडी टीव्हीला मात्र ही तपासणी लागू नाही, त्यात बॅकलाइट नसतोच. आणि झाकण स्वतः उघडू नका. पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ धक्का देण्याइतकी वीज धरून ठेवतात.

दुरुस्ती करायची ठरली तर घरातच, तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा. दुकानात न्यावाच लागला तर आधी मेकॅनिकला झाकण उघडायला लावून पॅनलवरच्या आणि प्रत्येक बोर्डावरच्या स्टिकरचे फोटो काढा, आणि ‘टीव्ही मिळाला’ असं सीरियल नंबरासकट लिहून घ्या. चांगला पॅनल काढून घेऊन जुनाट बसवून परत देण्याचे प्रकारही होतात, आणि फोटो नसेल तर सिद्ध काहीच करता येत नाही. एकच जळलेली पट्टी न बदलता पूर्ण संच बदलून घ्या, नाहीतर उरलेल्या जुन्या पट्ट्या लवकरच मान टाकतात. पट्ट्या बदलताना पॅनलची काच उचलावी लागते आणि ती फार नाजूक असते. तडा गेला तर जबाबदारी कोणाची, हे काम सुरू व्हायच्या आधीच स्पष्ट बोलून घ्या. प्रामाणिक मेकॅनिक हा धोका स्वतःहून सांगतो.

टीव्ही बदलणंच योग्य, अशा वेळाही असतात. काच फुटली असेल, किंवा पडद्यावर वरपासून खालपर्यंत रंगीत रेघा कायमच्या आल्या असतील, तर बहुधा खर्च पॅनलवर जातो, आणि पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या निम्म्याच्याही वर जाते. माझं मत असं, की दुरुस्तीचा खरा खर्च तेवढ्याच आकाराच्या नव्या टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याखाली असेल तर दुरुस्त करावा. नुसती ॲप्स चालेनाशी झाली म्हणून तर टीव्ही मुळीच काढू नये. एचडीएमआयला लावायची छोटी स्टिक तेवढं काम करते. पण यातलं काहीही ठरवायच्या आधी, ज्याला नवा टीव्ही विकायचा नाही अशा दुसऱ्या माणसाकडून निदान करून घ्या. त्याचे दोन-तीनशे रुपये आनंदानं द्या.

कंपनीचा नंबर शोधयंत्रावरून घेऊ नका. तो टीव्हीबरोबर आलेल्या पुस्तिकेत, वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये असतो. नवा टीव्ही दारात आला तर पैसे देण्याआधी मागचं लेबल वाचा. भारतात विकल्या जाणाऱ्या टीव्हीवर भारतीय मानक ब्युरोचा आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, आणि तो ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपवर टाकून बघता येतो. पावतीवरचा जीएसटी क्रमांकही मोजा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ नं सुरू होतो. बाबांच्या पावतीवरचा ०९ नं सुरू होत होता आणि त्यात चौदाच अक्षरं होती. पत्ता म्हणून फक्त ‘डोंबिवली पूर्व’.

असं काही घडलंच, तर यूपीआयनं गेलेल्या पैशांसाठी लगेच सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मधल्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. आम्हाला उशिरा कळल्यामुळे पैसे पुढे निघून गेले होते, तरी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली आणि तिच्या प्रतीसह पोलीस ठाण्यात अर्ज दिला. दुकानाचं खरं नाव-पत्ता हाती असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ती घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

गल्लीतल्या आजींच्या पावतीवर तोच चौदा अक्षरांचा क्रमांक आहे, आणि त्यांचे पैसेही त्याच यूपीआय खात्यात गेलेत. त्यांचा अर्ज आम्ही आमच्या अर्जाला जोडून दिला आहे. डोंबिवली-कल्याण-ठाकुर्ली भागात कुणाकडे ०९ नं सुरू होणाऱ्या जीएसटी क्रमांकाची अशी टीव्हीची पावती असेल, तर ती फेकू नका. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि टीव्हीच्या मागच्या लेबलचा फोटो जोडून तुमच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. एकाच खात्याविरुद्ध चार अर्ज आले, की तपास करणाऱ्याला ते खातं बाजूला ठेवता येत नाही.