वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेसवर: दिवाळी अंकांचा एक हंगाम काढल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवून चालवायचं सॉफ्टवेअर, आमच्या वाचनालयाला पुरतं, परवडतं, आणि ग्रंथपाल मॅडम ते स्वतः चालवतात. मात्र मराठी मजकुरासाठी त्यात काही खाचा आहेत. विकतची थीम (साइटच्या रूपाचा तयार साचा) घेऊन किंवा महागडं होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेऊन त्या बुजत नाहीत. इंग्रजी वेबसाइट कशी करावी हे सांगणारे पुष्कळ सापडतात, म्हणून इथे त्या खाचांबद्दलच जास्त लिहितो.

आमचं तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग लागतात आणि अनुदान त्यावर ठरतं. त्या अनुदानातून पगार, पुस्तकं आणि वीजबिल भागवताना वेबसाइटला काही उरत नाही हे कुठल्याही कार्यवाहांना विचारा. आधी एक वेबसाइट होती. ती करून देणाऱ्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचं पत्त्यातलं नाव, स्वतःच्याच ईमेलवर घेतलं होतं आणि पुढे तो फोन उचलेनासा झाला. त्यामुळे या वेळी कार्यकारिणीने दोन अटी घातल्या: डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या ईमेलवर संस्थेच्या नावाने घ्यायचं, आणि मजकूर बदलायला बाहेरच्या कोणाची वाट बघायला लागू नये.

आराखडा ठरवायला आम्ही कुठलंही सॉफ्टवेअर वापरलं नाही. मॅडमनी फोनशेजारी एक वही ठेवली आणि कोण काय विचारतं ते लिहीत गेल्या. आज वाचनालय चालू आहे का. दुपारी किती वाजता बंद होतं. वर्गणी किती, अनामत किती, अनामत परत मिळते का. अभ्यासिकेत जागा आहे का (स्पर्धा परीक्षेची मुलं हे रोज विचारतात). अमुक पुस्तक आहे का. आणि गणपती उठले की दिवाळी अंक योजनेची चौकशी सुरू. वाचनालयाची स्थापना कोणी केली, हे त्या वहीत एकानेही विचारलेलं नव्हतं.

कार्यकारिणीच्या सभेत मात्र पहिली सूचना आली ती अध्यक्षांचं मनोगत आणि फोटो मुखपृष्ठावर घेण्याची. वही पुढे ठेवली तेव्हा अध्यक्षच म्हणाले, “माझा फोटो बघायला कोण येणार आहे? वेळ लिहा वर, ठळक.” मनोगत ‘आमच्याविषयी’ या पानावर गेलं. मुखपृष्ठावर वेळ, साप्ताहिक सुट्टी, वर्गणी, अभ्यासिका आणि फोन नंबर एवढंच राहिलं. मोबाइलवर बोट न सरकवता हे दिसतं. पुढच्या सगळ्या सुधारणांपेक्षा या एका निर्णयाने जास्त फरक पडला. ‘चालू आहे का’ असे फोन खरोखरच कमी झाले.

आता वर्डप्रेसकडे. २०१८ च्या डिसेंबरात ५.० आवृत्तीबरोबर ब्लॉक एडिटर आला, म्हणजे पान तुकड्यातुकड्यांनी रचायचा संपादक. त्याला नावं ठेवणारे अजूनही आहेत, पण नव्याने शिकणाऱ्याला तो बरा पडतो. सगळ्यात उपयोगी पडली ती सिंक होणाऱ्या पॅटर्नची सोय: एका जागी बदललेला तुकडा सगळीकडे बदलतो. वेळेचा मजकूर एका पॅटर्नमध्ये ठेवला आहे आणि तो चार पानांवर दिसतो. सुट्टी जाहीर झाली की एकदाच बदलायचा. मॅडमना ‘संपादक’ भूमिकेचं खातं दिलं आहे, म्हणजे थीम आणि प्लगिन (वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयी) यांच्या खोल्यांची किल्ली त्यांच्याकडे नाही. ती असावी असं त्यांनाही वाटत नाही.

थीम वर्डप्रेसबरोबर येणारीच घेतली, ट्वेंटी ट्वेंटी-फोर. आणि इथून मराठीची कामं सुरू झाली. बहुतेक थीम लॅटिन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनतात. मथळ्याच्या ओळींतलं अंतर इतकं कमी असतं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो. ‘पुस्तकं’च्या खाली ‘मैत्री’ आलं की गिचमीड. मथळ्यांचं ओळअंतर १.४ च्या आसपास नेलं तेव्हा डोळ्यांना बरं वाटलं. दुसरं, काही थीम मथळ्यांतल्या अक्षरांमध्ये जागा सोडतात. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. अक्षरांतलं अंतर सगळीकडे शून्य करा, आणि नवीन थीम निवडताना तिच्या नमुन्यात एक मराठी परिच्छेद चिकटवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉन्ट आम्ही मुंबईच्या एक टाइपचा मुक्त घेतला. तो मोफत आहे, त्याच्या बऱ्याच जाड्या मिळतात आणि मोबाइलवर लहान आकारातही नीट वाचता येतो.

सेटिंगमध्ये साइटची भाषा ‘मराठी’ केली की पानाच्या मुळात भाषेची खूण मराठी अशी पडते. दृष्टिहीन वाचकांना मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर त्यामुळे योग्य आवाज निवडतं, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. याला पैसे लागत नाहीत, तरी कितीतरी मराठी संस्थांच्या वेबसाइटवर ही भाषा अजून इंग्रजीच ठेवलेली दिसते.

दुव्यांचं तर निराळंच. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पानाचा पत्ताही मराठीत बनवतं. दिसायला छान. पण यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पत्त्यात त्याची नऊ अक्षरं होतात. काना, मात्रा, अनुस्वार यांचीही वेगळी नऊ. डेटाबेसात त्या पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे बावीसेक चिन्हांत शीर्षक मध्येच तुटतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब माळ दिसते आणि लोक म्हणतात, हे फसवणुकीचं दिसतंय, उघडू नका. आता प्रत्येक पानाचा पत्ता रोमन लिपीत हाताने लिहितो, दोन-तीन शब्दांत. डोमेन ठरवतानाही २०१४ पासून मिळणाऱ्या .भारतचा विचार झाला होता. भावनेने सगळे त्याच्या बाजूचे, पण तो ईमेलसाठी वापरायचा तर समोरच्याची यंत्रणा तो स्वीकारेलच याची खात्री नाही. मुकाट्याने .इन घेतलं.

आणि मग यादी. वाचनालयाची ग्रंथयादी संगणकावर होती, तीही अभिमानाने जपलेली, पण जुन्या फॉन्टमध्ये. काही भाग श्री-लिपीत, काही डीव्ही-टीटी योगेशमध्ये. वेबसाइटवर चिकटवली की निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा. कारण त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवत. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, बदलणारे परिवर्तक मोफत मिळतात आणि बरंचसं काम करतातही, पण अडतात ते ठरलेल्या जागी. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी टंकताना अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्यात नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. वेलांटी आणि रफार दोन्ही असलेला शब्द आला, ‘कीर्ती’, ‘मार्मिक’, ‘स्फूर्ती’, की परिवर्तकाची परीक्षा. दोन निवृत्त शिक्षिकांनी दुपारी येऊन यादी डोळ्यांखालून घातली. वेबसाइटचा खर्च मांडताना त्यांच्या दुपारी कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाहीत. पण विकत घ्यायला गेलो असतो तर बाकी सगळं मिळून झालं नसतं एवढं त्याचंच बिल झालं असतं.

यादी शुद्ध झाली तरी शोध नीट चालेना. वर्डप्रेसचा मूळचा शोध साधा आहे: टाइप केलेली अक्षरं जशीच्या तशी मजकुरात आहेत का, एवढंच तो बघतो. ‘कादंबऱ्या’तला ऱ्या वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येतो. एका कळफलकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसऱ्यावर र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला निराळे. एकाने घातलेलं दुसऱ्याला सापडत नाही आणि तो म्हणतो, पुस्तकच नाही. आम्ही सगळ्या यादीत एकच रूप ठेवलं आणि शोधाच्या चौकटीत टाइप केलेलंही त्याच रूपात बदलून घेणारा छोटा कोड एका विद्यार्थ्याकडून लिहून घेतला. ह्रस्व-दीर्घाचा घोळ, आद्याक्षरांतली टिंबं आणि मोकळ्या जागा हा प्रश्न तरी उरलाच. ‘पु.ल.’, ‘पु. ल.’, ‘पुल’ असे तिन्ही प्रकारे लोक शोधतात, आणि निम्मे तर रोमन लिपीतच टाइप करतात. म्हणून प्रत्येक लेखकाच्या नोंदीत पर्यायी नावांचा एक रकाना घातला. ही डोकेदुखी वर्डप्रेसचीच आहे असं नाही, दुसरं काही घेतलं असतं तरी टळली नसती.

यादी दाखवायला टेबलप्रेस हे प्लगिन घेतलं. शे-दोनशे ओळींना ते उत्तम. पण सगळी ओळ न् ओळ ते एकाच पानात आणतं, त्यामुळे हजारांच्या यादीला स्वस्तातला मोबाइल धापा टाकतो. मग यादीचे प्रकारवार तुकडे केले: कादंबरी, चरित्र, बालविभाग, संदर्भ. ‘नवीन आलेली पुस्तकं’ हे स्वतंत्र लहान पान केलं, आणि गूगलवरून लोक कुठल्या पानावर येतात ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये मुखपृष्ठाखालोखाल तेच उघडलं जाताना दिसतं. जुन्या यादीपेक्षा नव्यांतच लोकांना रस, हे आधी लक्षात आलं असतं तर मॅडमची बरीच दगदग वाचली असती, पण यादी शुद्ध होणं कधीतरी गरजेचं होतंच.

खरी परीक्षा दिवाळी अंकांची. दरवर्षी योजना जाहीर झाली की फलकाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर जायचा. फोटोतला मजकूर शोधात येत नाही, स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, आणि तो फिरत फिरत पुढच्या वर्षीही येतो. मग जुनी वर्गणी घेऊन लोक काउंटरवर वाद घालतात. या वेळी योजनेचं एक पान केलं, वर वर्ष ठळक लिहिलं, आणि सगळीकडे त्याच पानाचा दुवा पाठवला. वर्गणी, मुदत, एका वेळी किती अंक न्यायचे, कोणते अंक आले आहेत, सगळं तिथेच. आलेल्या अंकांची यादी मॅडम रोज संध्याकाळी मोबाइलवरून वाढवत होत्या. त्या पानाचा पत्ता दरवर्षी तोच राहणार, फक्त मजकूर बदलणार. ज्यांचे कार्यक्रम दरवर्षी होतात त्या मंडळांनी, शाळांनी हे जरूर करावं. दर वर्षी नवं पान काढलं की गूगल जुनंच वर दाखवत बसतं.

वर्गणी यूपीआयने घेण्यासाठी क्यूआर कोड लावला होता. पण वेबसाइट बघणारे जवळजवळ सगळे मोबाइलवर, आणि स्वतःच्याच पडद्यावरचा कोड त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्याने कसा टिपणार? आता यूपीआय आयडी मजकुरात लिहिला आहे, शेजारी खात्यावर दिसणारं संस्थेचं नाव, म्हणजे पैसे भरताना ताडून बघता येतं. पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे भरून घेणारी सेवा, मुद्दाम घेतला नाही. एवढ्याशा वर्गणीसाठी त्याची कागदपत्रं आणि हिशेब कोण सांभाळणार.

छायाचित्रांचं थोडक्यात. ५.३ पासून वर्डप्रेस फार मोठे फोटो आपणहून २५६० पिक्सेलपर्यंत उतरवतं, ५.८ पासून वेबपी हा फोटोंचा हलका प्रकारही घेतं. तरी कार्यक्रमाचे चाळीस फोटो एका पानावर टाकण्यापासून ते कोणाला अडवत नाही. आम्ही पाचांवर थांबतो. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात मुख्य मजकूर दिसायला अडीच सेकंदांच्या आत लागला पाहिजे अशी गूगलची अपेक्षा; फोटो आवरल्यावर आणि फिरती चित्रपट्टी काढून टाकल्यावर आम्ही तिच्या आत आलो. चित्रपट्टी काढल्याची तक्रार फक्त एका सभासदाने केली, तिच्यात त्यांचा फोटो होता.

ज्यांना एवढंही झेपणार नाही त्यांनी आधी गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या नकाशावर दिसणारी संस्थेची नोंद) नीट भरावी: वेळ, सणाच्या सुट्ट्या, दाराचा फोटो. नवा माणूस आधी नकाशावरच बघतो. मात्र तेवढ्यावर थांबू नये. त्या प्रोफाइलबरोबर मिळणारी फुकट एकपानी वेबसाइट २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली. स्वतःचं डोमेन असलं की होस्टिंग बदललं तरी पत्ता तोच राहतो.

नावडलेल्या गोष्टींत पहिला नंबर प्लगिनांचा. प्रत्येक अडचणीवर एक प्लगिन, प्रत्येक प्लगिनाच्या डॅशबोर्डवर ‘प्रो घ्या’च्या जाहिराती. आमच्याकडे मोजून पाच आहेत आणि सहावं घ्यायचं तर आधी एक काढायचं असा नियम आहे. दुसरं, संपर्क फॉर्मचे ईमेल सुरुवातीला स्पॅममध्येच जात होते. एसएमटीपी (ईमेल पाठवायची रीतसर यंत्रणा) जोडून आणि ईमेल खरंच आपल्या डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएमच्या नोंदी डोमेनवर करून ते सुधारलं, पण हे काम मॅडमना एकटीने जमण्यासारखं नाही. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा दर बघून हुरळू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. तो बहुधा दुपटीच्या पुढे असतो. सुरक्षेचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं मोफत मिळतं, त्याचे वेगळे पैसे मागणारा होस्ट असेल तर सरळ दुसरा बघा.

ग्रंथयादीसाठी पुढे कोहा घ्यावं का, हा विषय कार्यकारिणीपुढे आहे. न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी बनलेलं आणि २००० सालापासून वापरात असलेलं ते मुक्त सॉफ्टवेअर देवघेवीसकट सगळं सांभाळतं, मराठी युनिकोडही घेतं. पण त्याला स्वतंत्र सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूसही. तो माणूस कोण, याचं उत्तर मिळेपर्यंत यादी टेबलप्रेसमध्येच राहील, तुकड्यातुकड्यांनी.