इंटरलँड: खेळ चांगला, पण शिकवायला बाई लागतातच

मुलांना इंटरनेट सुरक्षितपणे वापरायला शिकवणारा, गूगलने 2017 मध्ये आणलेला इंटरलँड हा खेळ ब्राउझरमध्ये फुकट चालतो, लॉगिन लागत नाही. शाळेसाठी हीच मोठी सोय. साधारण तिसरी ते सहावीच्या मुलांना जमतो. त्रिमितीय चित्रांमुळे संगणक कक्षातली जुनी यंत्रं मात्र धापा टाकतात, तेव्हा तासाच्या आधी एकदा चालवून बघा.

चार भागांपैकी 'माइंडफुल माउंटन' सगळ्यात सरस. आरसे फिरवून प्रकाशाचा झोत योग्य माणसापर्यंतच पोचवायचा. आरसा जरा चुकला की झोत भलत्याकडे जातो, आणि फोटो 'फक्त मैत्रिणीला' पाठवला तरी तो पुढे कुठे जाईल हे मुलांना आपोआप कळतं. 'रिअ‍ॅलिटी रिव्हर'मध्ये प्रश्नांची उत्तरं देत नदी ओलांडायची. इथे मुलं वाचतच नाहीत, नुसती पर्याय दाबत सुटतात. उपाय सोपा: एका संगणकावर दोघं बसवा, एकाने प्रश्न मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने कारण सांगूनच बटण दाबायचं. 'टॉवर ऑफ ट्रेझर' म्हणजे पासवर्डची पळापळ. मजा येते, डोक्यात थोडंच उरतं. 'काइंड किंगडम' बरा.

खरी उणीव म्हणजे आपल्याकडच्या ऑनलाइन फसवणुकीबद्दल खेळात काही नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा, हे फळ्यावर तुम्हालाच लिहावं लागेल.