नवीपेठेतल्या कर सल्लागारांकडे पीएफचं काम: माझा अनुभव

डाळ मिलमधली नोकरी सुटली आणि लेकीच्या फीसाठी पीएफ काढायचं ठरवलं. आमच्याकडच्या एका ऑनलाइन सेंटरवाल्याने ‘ताई, फॉर्म भरून टाकतो’ म्हणत अर्ज जवळजवळ पाठवलाच होता. शेजारच्या भाऊंनी अडवलं आणि जळगावात नवीपेठेतल्या या सल्लागारांकडे पाठवलं.

त्या सल्लागार काकांनी आधी पीएफच्या पासबुकची प्रिंट मागितली. डाळ मिलमधली नोकरी ३ वर्षं २ महिन्यांची. त्यांनी पेन्सिलने त्याखाली रेघ मारली आणि विचारलं, “याआधी कुठे होतीस?” पुण्यात, अडीच वर्षं. तिथलं पीएफचं खातं तसंच पडून होतं. सलग ५ वर्षं भरायच्या आत पैसे काढले तर कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगारात धरून कर लागतो. रक्कम ५०,००० किंवा जास्त असली की पॅन देऊनही १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच घेतला जाणारा कर, कापतात. माझ्या १,८६,००० मधले १८,६०० हातात आलेच नसते. पुण्याचं जुनं खातं डाळ मिलच्या खात्यात वर्ग केलं की आधीची नोकरीही मोजली जाते, म्हणजे माझी ५ वर्षं पूर्ण! हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

वर्ग व्हायला वेळ लागला, दोन चकरा झाल्या. जिना अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी फोन करून जावं, काका खाली येतात. काकांची फी ५०० रुपये, पावतीसह. टीडीएस शून्य. लेकीची फी भरली, तिचं कॉलेज सुरू झालं.