फिशटँकच्या चोकचा आवाज आणि मोटारी भरणारं दुकान

फिशटँकच्या लाइटचा जुना चोक घुमत असेल आणि तुम्ही आर्वी-पुलगावच्या बाजूला राहत असाल, तर आधी फिशटँकच्या दुकानात जाऊ नका. मोटारी भरून देणाऱ्याकडे, म्हणजे जळलेल्या मोटारीत तांब्याची नवी तार गुंडाळून देणाऱ्याकडे जा. आमचं काम आर्वीच्या अशाच एका दुकानात झालं आणि इतकं मनासारखं झालं की चार लोकांना सांगावंसं वाटतंय.

आमचा टँक तीन फुटी आहे, मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हौसेनं घेतलेला. वर पत्र्याचा टॉप, आत दोन फुटी ट्यूब आणि तांब्याचा जुना जड चोक. संध्याकाळी बटन दाबलं की ट्यूब दोन-तीनदा लुकलुकायची, मग लागायची, आणि लागली की घुंऽऽ सुरू. दिवसा घरच्या गडबडीत ते कानावर येत नसे. रात्री शिवारातले पंप बंद झाले की व्होल्टेज चढतं, त्याच्यासोबत हा आवाजही चढायचा. मुलगी बारावीला आहे आणि अभ्यास बैठकीतच करते. लाइट बंद ठेवावा तर मामाजींचा जीव माशांत. संध्याकाळी टँकसमोर खुर्ची टाकून बसणं हा त्यांचा दिवसातला सगळ्यात आवडीचा वेळ.

आधी एका मोठ्या फिशटँकच्या दुकानात विचारलं. त्यांनी टॉप उघडूनही पाहिला नाही. "पूर्ण टॉप बदला, 1800 रुपये," एवढंच. आवाज कशाचा आहे, हे विचारलं तर उत्तर नाही. मला याचा राग आला आणि अजूनही आहे. वस्तू हातात न घेता ती फेकायला सांगणं हा काही धंदा नव्हे.

आर्वीच्या दुकानात आमची शेतातली मोटार दोनदा भरून झाली होती, म्हणून ओळख होती. दुकान लहान. दारातच उघड्या पडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, आत वार्निशचा उग्र वास. मी टॉप घेऊन गेले तर मिस्त्रीभाऊंनी हातातली मोटार बाजूला ठेवली, टॉप टेबलावर उलटा टाकला आणि वीज जोडली.

पुढचं काम पाहण्यासारखं होतं. ट्यूब लागल्यावर त्यांनी आधी स्टार्टर फिरवून काढून घेतला. ट्यूब लागलेलीच राहिली, आवाजही तसाच. म्हणजे दोष स्टार्टरचा नाही. मग लाकडाच्या कोरड्या पट्टीनं चोक दाबून धरला, तर आवाज निम्म्यावर आला. पट्टी उचलली की पुन्हा घुंऽऽ. वीज बंद करून चोकचे स्क्रू खोलले, चोक जाड रबरावर मोकळा ठेवला आणि पुन्हा लावला. आता कान जवळ नेल्यावरच ऐकू येत होता.

"चोक मेला नाही जी वहिनी," ते म्हणाले, "ढिला झाला. अन् हा पत्रा त्याचा आवाज वाढवून राह्यला."

मी कारण विचारलं तर काम थांबवून समजावून सांगितलं. चोक ट्यूबचा करंट आवरून धरतो. तो म्हणजे लोखंडाच्या पातळ पट्ट्यांची थप्पी आणि तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. आपली वीज 50 हर्ट्झची. तिच्या प्रत्येक फेऱ्यात लोखंडातलं चुंबकत्व दोनदा चढतं-उतरतं, म्हणून पट्ट्या सेकंदाला 100 वेळा थरथरतात. चोक नवा असतो तेव्हा वार्निशनं त्या एकमेकींना घट्ट धरून असतात. वर्षानुवर्षं तापून ते वार्निश सुकतं, तडकतं, आणि पट्ट्या वाजायला लागतात. त्यात चोक पातळ पत्र्यावर कसलेला असला की अख्खा टॉपच डफड्यासारखा घुमतो. आमच्या ट्यूबचं एक टोकही काळं पडलेलं होतं. अशी थकलेली ट्यूब दोन्ही बाजूंनी सारखा करंट घेत नाही, त्यानं चोक आणखी तापतो आणि आणखी गुरगुरतो, हेही त्यांनी दाखवलं.

मग दोन मार्ग सांगितले. पहिला स्वस्त: स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालायचे, नवी ट्यूब टाकायची आणि हाच चोक चालवायचा. पण रबर घातलं की चोकचा पत्र्याशी संबंध तुटतो, म्हणून अर्थिंगची वायर वेगळी जोडावी लागते, आणि पत्र्यातून निघून जाणारी उष्णताही अडते. चोक वार्निशमध्ये बुडवून द्याल का, असं मी विचारलं. मोटारीला करतात तसं करता येईल, पण आतली तार इतकी वर्षं तापलेली आहे की त्या खर्चाला अर्थ नाही, असं स्पष्ट म्हणाले. दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक चोकचा. तो वीस हजार हर्ट्झच्याही वर चालतो, त्यामुळे माणसाच्या कानाला घुंऽऽ येत नाही आणि ट्यूब लुकलुकत नाही.

त्याचे दोषही विकण्याआधीच सांगितले, हे मला फार आवडलं. व्होल्टेजचा झटका तांब्याचा चोक सहन करतो, इलेक्ट्रॉनिक तितका करत नाही. आणि जवळ रेडिओ असेल तर मीडियम वेव्हवर खरखर येऊ शकते. मामाजी आकाशवाणी ऐकतात, म्हणून मी हे घरी येऊन विचारलं. "रेडिओ मी तिकडल्या खोलीत नेतो," म्हणाले, तेव्हा काम करायला सांगितलं.

चोक आणि ट्यूब धरून 410 रुपये घेतले. चोक टॉपच्या आत न बसवता टँकच्या मागे, पाण्याच्या वाफेपासून दूर, लाकडी पट्टीवर बसवायला सांगितलं. ट्यूबपर्यंतची वायर मात्र आखूड ठेवली, कारण या चोकला लांब वायर चालत नाही. बोर्डाकडे जाणाऱ्या वायरीला प्लगच्या खालपर्यंत झोळ द्या म्हणाले, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खालीच गळेल, प्लगात शिरणार नाही. टँकला हात घालण्याआधी बटन बंद करायचं, हे तर दोनदा बजावलं.

आता बैठकीत एअरपंपाची बुडबुड तेवढी ऐकू येते. आमच्याकडच्या उन्हाळ्याचा विचार केला तर मला याचा दुसरा फायदा जास्त मोठा वाटतो. जुना चोक इतका तापायचा की त्यावर हात ठेववत नसे, आणि ती सगळी धग पाण्याच्या डोक्यावरच. मे महिन्यात आधीच पाणी कोमट होतं, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करत राहतात. ती धग आता टॉपमध्ये राहिली नाही.

दोन गोष्टी खटकल्या. छापील बिल मिळत नाही. चोकच्या सहा महिन्यांच्या वॉरंटीची तारीख त्यांनी चोकवरच पेनानं लिहून दिली. आणि वेळेचा भरवसा नाही. गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस असले की जळलेल्या मोटारींची रांग लागते, आणि ज्याचं पीक सुकतंय त्याचं काम आधी होतं. ते मला योग्यच वाटतं, पण तुम्हाला घाई असेल तर त्या दिवसांत सकाळी दुकान उघडताच जा. नुसता चोक नेऊ नका, ट्यूबसकट पूर्ण टॉप न्या. पत्रा समोर असल्याशिवाय आवाज कुठून येतो ते त्यांना दाखवता येणार नाही.