संस्थेतला अभ्यासक्रम की शॉप फ्लोअरवरची उमेदवारी?

प्रिसिजन मशिनिंगमध्ये, म्हणजे धातू काटेकोर मापात कापून भाग घडवण्याच्या कामात, यायचं पक्कं आहे, पण आधी संस्थेत शिकावं की थेट कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागावं, यावर ज्यांचं अडलंय त्यांच्यासाठी हे.

संस्थेत ड्रॉइंग वाचणं, टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) आणि हिशेब यांचा पाया बसतो. 50 मिमी व्यासाचा गोल बार, कटिंग स्पीड मिनिटाला 100 मीटर, तर आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, किती? 100 मीटरचे मिमी झाले 1,00,000; त्याला π (3.14) गुणिले 50 ने भागा, साधारण 637. हे एकदा डोक्यात उतरलं की मटेरियल बदललं तरी माणूस अडत नाही. कारखान्यात बरेचदा ‘आधीचाच स्पीड ठेव’ एवढंच कानावर पडतं. शिवाय संस्थेत जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला तुकडा, बिघडला तर दुसरा तुकडा मिळतो, आणि सुरुवातीला ही मोकळीक फार मोलाची असते.

मापाचा हात मात्र शॉप फ्लोअरवरच बसतो. समजा 25 मिमीचा बोअर (गोल भोक) आहे, टॉलरन्स एच 7, म्हणजे माप 25 मिमीहून शून्य ते 21 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) जास्त चालतं. मशीनवरून नुकत्याच उतरवलेल्या गरम जॉबला बोअर गेज (भोक मोजायचं साधन) लावला, अधिक 4 दिसले, पास केला. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. जॉब त्याहून 20 अंशांनी गरम असेल, तर पोलादी बोअर थंड होताना सुमारे 6 मायक्रॉन आकसतो आणि माप उणे 2 वर, म्हणजे हद्दीबाहेर जातं. पुस्तकात हा प्रसरणाचा एक परिच्छेद असतो. आपल्या हातचा अख्खा ट्रे रिजेक्ट झाला की तो कायमचा लक्षात राहतो.

उमेदवारीत खरा धोका वेगळाच: वर्षभर एकाच मशीनवर जॉब लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा. म्हणून आधीच विचारा, सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावणं, शिकवणार का? टूलचा ऑफसेट (मशीनला द्यायची टूलच्या मापाची दुरुस्ती) कोण टाकतं?

थोड्या आठवड्यांचा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) कोर्स लेथवर हात बसलेल्यालाच उपयोगी. नवख्याला जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) पाठ होतील, पण इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) झिजल्याचा आवाज कळणार नाही.

माझं मत: आधी संस्था, मग उमेदवारी. घरखर्चामुळे कमाई लांबवता येत नसेल, तर दोन्ही सोबत चालणारी जागा शोधा. जर्मनीत मशिनिंगचा साडेतीन वर्षांचा प्रशिक्षणक्रम तसाच आहे, कारखाना आणि शाळा आलटूनपालटून.

जागा बघायला जाल तेव्हा मायक्रोमीटर कपाटात कुलूपबंद आहेत की शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातात, हे पाहून या.